अडीच हातांचा मेजपोस

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट तुमच्यापैकी एकजणही खरी मानणार नाही. कोणी मानलीच, तर हा आपल्या घरातला नव्हे असं समजून मी त्याला पंगतीतून उठवीन. विहिरीतल्या मगरीची हकिगत मी सांगितली, तेव्हापासून या घरात झुंबरबाईच्या बोलण्याला निम्मंच माप मिळतं. मगरीचं राहू द्या. हा मेजपोस तरी खरा आहे ना? हात लावून पाहा.

उद्या आशाची, माझ्या नातीची, हळद. माजघरात दोन बाजा जोडून तिचं रुखवत मांडणं चाललं होतं. करंज्यांची चळत झाली, मण्यांचा हत्ती झाला, शेवयांचं वृंदावन झालं. मधोमध जागा रिकामी. तिथं ठेवायचा क्रोशाचा रुमाल आशाच्या मांडीवर होता, आणि तोही अर्धा. दिवाळीपासून विणतेय पोरगी. चार टाके घालते, उठते, पाणी पिते, दारात जाऊन येते, पुन्हा बसते.

"आजी, हे कायले सरत नाही वो? माह्या मैत्रिणीनं पंधरा दिवसांत केला."

"तिच्या घरी मानसं किती?" मी विचारलं.

"तीन."

"मंग व्हईनच पंधरा दिवसांत. क्रोशा काय बोटानं होते काय? घरात बोलनारी तोंडं किती, त्यावर होते. वरून एखादी बकरी असली, त मंग इचारूच नोको."

"बकरी?"

झालं. बाया करंज्या सोडून माझ्याभोवती सरकल्या. दाराशी, उजेडाला धरून, माझी नणंद सत्यभामा बसली होती. मास्तरीण होऊन निवृत्त झालेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. काल बुलढाण्याहून आली ती, रुमाल पुरा झाला नाही तर रुखवताची रिकामी जागा भरायला म्हणून, आपला जुना मेजपोस पेटीत घालूनच. आता आशाच्या रुमालाची झालर विणत होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, ऐकत नाही. तिथंच माझं चुकलं.

तर तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताच्या पदराला बांधलेला होता. हुकूम नागपूरचा, कचेरी बुलढाण्याची, आणि त्या कचेरीत किसनराव नावाचा एक कारकून. सत्यभामेला पाहायला तो चिखलीला आला, सोबत त्याची आत्या रुखमाबाई. ही रुखमाबाई उंचीनं एवढीशी, मापट्याएवढी. पण बोलली की घरातली जनावरंसुद्धा रवंथ थांबवायची. किसनरावानं सत्याला एक पान वाचायला दिलं. ती वाचत राहिली, तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सातवीची परीक्षा द्या. बुलढाण्याले मुलींची शाळा हाये, पन मास्तरीण भेटत नाही."

सत्या आत आली तेव्हा तिच्या कानातल्या कुड्या हलत होत्या. ती उभीच होती, कुड्या मात्र हलत होत्या. "वयनी, मी मास्तरीण होनार."

बाहेर रुखमाबाईचं चाललं होतं. "पोरगी वाचते, चांगली गोठ हाये. पन वाचनाऱ्या पोरीचे हात पाह्यले पाह्यजे. आमच्या किसनले घरी मेज हाये. त्या मेजावर हिच्या हातचा क्रोशाचा मेजपोस पाह्यजे. दीड हात रुंद, अडीच हात लांब. एकटीनं विनला पाह्यजे. पुरा झाला का निरोप धाडा, मंग तिथी धरू. पाडव्यापर्यंत नाही झाला, त मेहकरची पोरगी पाहून ठेवेल हायेच."

त्या दिवशी संक्रांत होती. म्हणजे हाताशी दोन महिने आणि थोडे दिवस.

आमच्या घरात मेज पाहिलं होतं फक्त माझे सासरे उकंडरावांनी, मी त्यांना मामाजी म्हणायचे; तेही तहसिलीत, त्याच्यासमोर हात जोडून उभं राहून. अशा वेळी मेजाची लांबी कोण बघतं? रुंदीची साखळी अंबूआत्यानं, म्हणजे मामाजींच्या विधवा थोरल्या बहिणीनं, आपल्या हातानं मोजून घालून दिली. क्रोशाही सत्याला तिनंच शिकवलेला. लांबीसाठी मामाजींनी सुतळी घेतली, आपल्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दोनदा मोजली, वर अर्धी, आणि गाठ मारून खुंटीला टांगली. मामाजींचा हात तुम्ही पाहिला नाही. ते उभे राहिले की बोटं गुडघ्याला लागत. झाडाखाली उभं राहून कैऱ्या तोडत, शेंड्यावरच्या.

"आजी!"

"बरं, मधल्या फांदीवरच्या."

अंबूआत्यानं सुतळीशी हिशेब लावला. एकशे सत्तर ओळी.

मी सोनाळ्याची. सोनाळा घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी, चिखली घाटावर. मध्ये दोन मुक्काम. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि माहेरी एकदाच गेले होते. नवरा दिवसभर शेतात. सासूबाई, गोजरबाई, माझ्याशी बोलायच्या ते फक्त कामाचं: भाकरी कर, शेण काढ, तूर निवड. या घरात माझ्याशी विनाकारण बोलणारी एकच, सत्या. ती मला अक्षरं शिकवायची. पाटी कुठली? परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं आणि त्यावर बोट फिरवायचं. बाहेर पाऊल वाजलं की पाणी ओतून पीठ मळायचं. त्या दिवसांत या घरानं ज्या भाकरी खाल्ल्या, त्यांत अख्खी बाराखडी होती.

क्रोशा मात्र मला शिकवला नाही कोणी. मी डावरी. अंबूआत्या म्हणाली, "डाव्या हाताचा टाका उलटा जाते. अन् उलट्या टाक्याचा संसारबी उलटा." म्हणून सत्या विणायची आणि मी शेजारी तूर निवडायचे.

आता तो मेजपोस का सरत नव्हता ते ऐक, आशा, तुझ्या कामाचं आहे. आठव्या दिवशी सुई मोडली. बुलढाण्याहून दुसरी येईपर्यंत थांबायला वेळ कुठं होता? मामाजींनी छत्रीची काडी मोडून लोहाराकडून आकडी करून आणली. ती इतकी जाड, की नक्षीतल्या मोराचा पाय हत्तीचा झाला. त्या चार ओळी उसवल्या. पुन्हा घासून आणली, तर इतकी टोकदार, की बोटाला भोकं. मग मिरच्या कुटायचा दिवस आला. त्या हातानं पांढरा दोरा धरता येईना. मग पाहुणे. सत्या ओळीत पंचेचाळीस टाके मोजून झाली की सासूबाई हाक मारायच्या, "सत्ये, वासरू सुटलं!" आणि पंचेचाळीस गेले वासरामागं. अंबूआत्या शेजारी बसून मोठ्यानं मोजायची, मदत म्हणून. तिचं मोजणं एक टाका पुढं, सत्याचं एक मागं.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भांडण. सासूबाई नि अंबूआत्या भांडल्या की सत्याचा हात आवळायचा. तो टाका असा घट्ट व्हायचा की पुढल्या ओळीला सुई शिरत नव्हती. हे इथं बघा, मोराच्या माने­जवळ, कापड कसं गोळा झालंय. हे कढीच्या भांडणाचं. आणि ही जागा सैल, मासोळीच्या जाळ्यासारखी. त्या दिवशी दोघी नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या.

भांडणाचं मूळ सांगते. अंबूआत्याच्या मनात सत्या आपल्याच सासरी द्यायची होती, देऊळगावला, दिराच्या मुलाला. वीस वर्षांपूर्वी त्या घरानं तिला पांढऱ्या कपाळानं परत धाडलं होतं. सत्या तिथं सून म्हणून गेली असती, तर अंबूआत्याला त्या उंबऱ्यात पाय ठेवायला कारण मिळालं असतं. सासूबाईंचं वेगळंच. त्यांना बुलढाणाही नको होतं आणि देऊळगावही नको होतं. पोरगी डोळ्यांपुढून जाऊ नये, एवढंच. हे त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त संक्रांतीपासून चुलीचा धूर त्यांच्या डोळ्यांत जरा जास्तच जायला लागला. मामाजींना संध्याकाळी सत्या वर्तमानपत्र वाचून दाखवायची. ती गेली की जगात काय चाललंय ते कळणार कसं, ही त्यांची चिंता. बाप माणूस, म्हणून ते फक्त खाकरायचे.

तू म्हणशील, आजी, दुसऱ्याच्या मनातलं तुला कसं कळलं? अगं, सून दोन वर्षं गप्प बसली की तिला भिंतीपलीकडचं दिसायला लागतं.

"अन् तुह्या मनात काय व्हतं?" आशानं विचारलं.

"माह्या मनात तूर व्हती. निवडाची."

दाराशी सुई एकदा थबकल्यासारखी झाली. पुन्हा चालू.

तीन आठवडे झाले तेव्हा मेजपोस छप्पन्न ओळींचा झाला होता. दुपारी जेवणं झाली की घर लवंडायचं आणि सत्या शेजारच्या घरी बायांना पोथी वाचून दाखवायला जायची. त्या दिवशी ती परत आली, कोनाड्यातलं टोपलं काढलं, आणि तशीच उभी राहिली.

"वयनी, मी छप्पन्नवर सोडून गेली व्हती. हे बावन्न हायेत."

"मोजनं चुकलं असन."

"मोजनं?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "माह्यं?"

ती पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सहा ओळी चढवल्या, पोथीला गेली, परत आली तर चार गायब. तिसऱ्या दिवशी तेच. सहा चढायच्या आणि चार उतरायच्या. हौदाला भोक पडावं आणि पाणी कुठं जातं ते दिसू नये, तसं. सत्याची झोप गेली, भूक गेली. ती चालताना ओळी मोजायची, पाणी भरताना मोजायची. पाडवा तिच्यामागं काठी घेऊन लागला होता.

पाचव्या दिवशी मामाजी जेवायला बसले आणि सत्यानं मेजपोस त्यांच्या ताटापुढं ठेवला.

"बाबा, कोनतरी उसवून राह्यलं."

मामाजींचा घास हातात राहिला. "कोन उसवते?"

"मले कायले इचारता?" सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "आपल्या बहिनीले इचारा. देऊळगावले पोरगी द्याची कोनाच्या मनात हाये, ते सारी चिखली जानते."

"हाव, हाये माह्या मनात!" अंबूआत्या ताडकन उठली. "चारचौघांत बोलेल हावो मी. मनातलं मी तोंडानं काढते गोजर, दोऱ्यानं नाही. अन् पोरगी नजरेआड होऊ द्याचं कोनाच्या जिवावर येऊन राह्यलं? धूर व्हय म्हनं. बिनजाळाच्या चुलीचा धूर कवा पाह्यला नाही म्या!"

"माह्या पोरीचं मी वाईट करन?"

"वाईट नाही करत. ठेवून घेतं."

सासूबाईंच्या हातातलं उलथणं खाली पडलं. असं कधी झालं नव्हतं. मामाजींनी काहीतरी करायचं म्हणून दोऱ्याची गुंडी उचलली.

"हे ओली काऊन हाये?"

सगळ्यांनी हात लावून पाहिला. गुंडी खरंच दमट होती. सत्या माझ्याकडे बघत होती. दोन बाया एकमेकींचा गळा धरणार, आणि सत्याचं लग्न त्यातच मोडणार, हे मला लख्ख दिसलं. मी पदर पुढं ओढला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, कोणी न विचारता, मामाजींसमोर बोलले.

"मामाजी, मैना."

"कोन मैना? बकरी?"

"हाव. म्या पाह्यली. लाळ व्हय ते."

रेणुकामायची शपथ, मी पाहिली होती. मैना दबकत माजघरात यायची, आधी मामाजींच्या घोरण्याचा अंदाज घ्यायची. मग टोपल्यातून मेजपोस काढून त्यावर पुढचा एक पाय ठेवायची, दोऱ्याचं टोक ओठांत धरायची आणि मागं मागं चालायची. सुर्र सुर्र सुर्र. दारापर्यंत एक ओळ, अंगणातल्या पिंपापर्यंत दुसरी. दोरा एकदाही तुटला नाही. माणसानं उसवताना गुंता होतो. तिचा कधी झाला नाही. चार ओळी झाल्या की थांबायची. हावरी नव्हती.

"आजी, बकरीले चार मोजता येतात?"

"तिले चार पाय हायेत. एका पायाची एक ओळ."

घरानं ते मानलं. आणि का मानलं ते मी त्याच वेळी पाहिलं. सासूबाईंनी अंबूआत्याकडे पाहिलं, अंबूआत्यानं सासूबाईंकडे, आणि दोघींनी बकरीवर असा विश्वास टाकला जसा लोक देवावर टाकतात; कारण बकरी गुन्हेगार म्हणजे त्या दोघीही सुटल्या. "मेलीच्या डोयातच पाप हाये," अंबूआत्या म्हणाली. "मी म्हनतच व्हती," सासूबाई म्हणाल्या.

मैनेला गोठ्यात बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार ओळी गायब, आणि मैना जागच्या जागी बांधलेली. म्हणजे तिनं दातानं गाठ सोडली आणि जाऊन आल्यावर पुन्हा मारली. तुझ्या आजोबांना अशी गाठ जन्मात आली नाही. मामाजी काठी घेऊन माजघराच्या दारात राखणीला बसले. पहिल्या दिवशी बसून झोपले, दुसऱ्या दिवसापासून आडवे होऊन.

सत्यानं टोपल्याची जागा बदलली. उजव्या कोनाड्यात ठेवायची, ते डाव्या कोनाड्यात ठेवायला लागली. मी धान्य निवडायला बसायचे त्याच्या अगदी लगत, डाव्या अंगाला. म्हणाली, इथं बकरीचं तोंड पोचत नाही. आता हे शिकलेल्या पोरीचं डोकं! बकरीला ते आणखी सोपं पडलं.

असा महिना गेला. सहा चढायच्या, चार उतरायच्या, दोन उरायच्या. ऊन तापायला लागलं. पळसाची फुलं गळाली. होळी झाली. सत्याच्या तर्जनीला घट्टा पडला. ती विणताना आता सुईकडे बघत नव्हती. खुंटीवरच्या सुतळीकडे बघायची. संध्याकाळी परातीत पीठ पसरून मला जोडाक्षरं द्यायची, तेही घाईघाईनं, मागं कोणी लागल्यासारखी. "क्ष झालं. आता ज्ञ. लवकर, वयनी, लवकर."

पाडव्याला दहा दिवस राहिले आणि मैनेनं एकाएकी उसवणं सोडलं. का सोडलं? बकरीच्या मनातलं कोणी सांगावं. त्याच दिवशी मी सोनाळ्याला आईला कार्ड टाकलं होतं, माझ्या हातानं लिहिलेलं, म्हणून तो दिवस मला आठवतो. दीड दिवसात आठ ओळी चढल्या, आणि एकही उतरली नाही. मेजपोस एकशे बत्तीसवर आला. अजून अडतीस हव्या होत्या. अडतीस ओळी म्हणजे, कोणी हाक मारली नाही, कोणी भांडलं नाही, कोणी मेलं नाही, तर सहा-सात दिवस. आमच्या घरात असे सहा-सात दिवस एका रांगेत कधी आले नव्हते.

आणि कार्ड टाकल्याच्या दुसऱ्याच सकाळी दारात बैलांची दमणी उभी राहिली. रुखमाबाई.

ही बाई न सांगता का आली? घरी किसनरावानं जेवण सोडलं होतं. "मेहकर-बिहकर काही नाही, करीन त चिखलीची," म्हणून बसला होता. रुखमाबाईनं शब्द दिला होता पाडव्याचा, आणि तो शब्द आता तिच्याच गळ्याला आवळत होता. मोडावा तर मान जाते, पाळावा तर भाचा जातो. बैलांना हाकणाऱ्या गड्याला ती सबंध वाटेत शिव्या देत आली. बैल चांगले चालत होते तरी.

तिला पाट दिला, पाणी दिलं. तिनं तांब्या बाजूला सरकवला.

"पुरा झाला काय?"

"झालाच समजा," सासूबाई म्हणाल्या.

"धुतला, वाळून राह्यला," अंबूआत्या म्हणाली, त्याच क्षणी.

बकरीची गोष्ट सोडली, तर वीस वर्षांत दोघी पहिल्यांदा एका बाजूनं बोलल्या, आणि ते असं. पण मागं कोणीच हटलं नाही. सासूबाई पुढं सरकून उंबऱ्यात उभ्या राहिल्या, अंबूआत्या त्यांच्या खांद्याला खांदा लावून. देऊळगाव गेलं कुठल्या कुठं. पोरीची मान खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच उरलं.

"सुवासिक पान्यानं धुतला," सासूबाईंनी भर घातली.

"दोनदा," अंबूआत्या म्हणाली.

"माय, आत्या, सरका." सत्या मधून पुढं आली. हातात टोपलं. तिनं ते रुखमाबाईपुढं ठेवलं. "नाही झाला. एकशे बत्तीस ओळी झाल्या. एकशे सत्तर पाह्यजेत. मी एकटीनं विनला, पन नाही झाला."

रुखमाबाईनं मेजपोस उचलला, उजेडाकडे धरला, उलटा केला, गाठी शोधल्या. सापडल्या नाहीत. मग विचारलं, "एकशे सत्तर कोनं सांगितल्या?"

सत्यानं खुंटीवरची सुतळी दाखवली.

"हे कोनं मोजली?"

"म्या," मामाजी म्हणाले.

"हात दाखवा."

मामाजींनी घाबरून दोन्ही हात पुढं केले, तहसिलीत करायचे तसे. रुखमाबाई पाटावरून उठली. एवढीशी बाई, त्या हाताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवता फिरवता तिची मान वळली.

"हा हात व्हय का मोटेचा सोंदूर-दोर? दादा, मेज मानसाचं हाये! अडीच हात म्हटलं ते माह्ये हात. म्या मोजेल व्हते ते मेज." तिनं मेजपोस जमिनीवर पसरला, त्यावर कोपर टेकवलं आणि मोजलं. एक. दोन. अर्धा. तिच्या बोटाचं टोक कापडाच्या कडेवरून जरासं पुढं गेलं. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच.

"एक बोट कमी." ती पाटावर बसली. तांब्या जवळ ओढला, पण प्यायली नाही. "तीन ओळी. माह्यापुढं बस अन् विन. पाहू दे मले हात."

सत्या बसली. आणि आता मी जे सांगते ते मगरीपेक्षाही मोठं आहे, पण खरं आहे. तो मेजपोस एकशे बत्तीस ओळींचा होता, पण सत्याच्या बोटांनी तोवर पावणेतीनशे ओळी विणल्या होत्या. प्रत्येक मोर तिनं तीनतीनदा काढला होता. तिचे डोळे समोरच्या भिंतीवर आणि सुई अशी चालली की तिच्या वाऱ्यानं चूल फुलली. चूल नाही तर नाही, समईची ज्योत तरी हललीच. सासूबाईंनी पुरण शिजायला ठेवलं होतं. ते उतरायच्या आत तिसरी ओळ संपली, दोरा ओढून गाठ बसली.

रुखमाबाई घटाघट तांब्याभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "एवढा चालता हात हाये, तं दोन महिने काय करून राह्यली व्हती वो पोरी?"

सत्या उरलेला दोरा गुंडाळायला लागली. अंबूआत्या म्हणाली, "आमच्या घरी बकरी हाये."

अक्षयतृतीयेची तिथी धरली. रुखवतात हा मेजपोस मधोमध होता. तर अशी ती मैना. तिनं उसवला म्हणून सत्याचा हात तयार झाला. तिनं उसवला नसता, तर मेजपोस मामाजींच्या सुतळीएवढा झाला असता, मेजावरून जमिनीवर लोळला असता, आणि रुखमाबाईनं तो पायपुसणं म्हणून परत केला असता. या घरातलं एक लग्न बकरीनं जमवलं, लिहून ठेवा.

बाया हसत होत्या. आशानं डोळे पुसले आणि रुमाल पुन्हा हातात घेतला. तेवढ्यात दाराशी झालरीची सुई थांबली.

"वयनी," सत्यभामा म्हणाली, "मगर मी सोडली. मगरीनं माह्यं काही उसवलं नव्हतं. पन बकरीची गोठ खोटी हाये."

"शपथ घेतली म्या."

"तुह्या शपथेची रेणुकामायलेबी सवय झाली असन." तिनं चष्मा काढला. "आशा, उसवलेला दोरा कसा राह्यते?"

आशानं आपल्या मांडीवरचा दोरा उचलून पाहिला. "कुरळा."

"मले पोथीवरून आल्यावर भेटे तो सरळ राहे. कोनीतरी तो भिजवे, उन्हात दोन खुट्यांवर तानून वाळवे, अन् घाईघाईत जरा दमट असतानाच गुंडाळे. लाळ म्हने! अन् गुंडी उलट्या अंगानं गुंडाळेल राहे. मी दोरा ओढला का ती गरकन भलतीकडंच फिरे. आपल्या घरी डावरी बकरी नव्हती, वयनी."

मैना डावरीच होती, असं मी म्हणणार होते. तोंड उघडलंही. पण सगळ्या बाया माझ्या हाताकडे बघत होत्या, आणि माझ्या डाव्या हातात करंजी होती.

"तुह्यं ज्ञ झालं, सोनाळ्याचं कार्ड लिहून झालं," सत्यभामा म्हणाली, "त्याच दिवशी बकरीची भूक गेली."

"तुले कवापासून मालूम व्हतं वो?"

"गुंडी ओली निंघाली, त्या दिवसापासून."

"मंग बोलली काऊन नाही? तुह्यं लग्न मोडत व्हतं ना, बाई!"

तिनं झालर मांडीवर ठेवली, आणि कित्येक वर्षांनी मला तिच्या कानातल्या कुड्या हलताना दिसल्या.

"खोटं बोलाचं काय तुलेच येते? टोपलं मी उजव्या कोनाड्यातून डाव्या कोनाड्यात काऊन ठेवलं व्हतं, वयनी? बकरीचं तोंड पोचू नाही म्हून?"